ज्या प्रश्नाचे उत्तर चांगो देई

सन्माननीय अध्यक्ष मामलेदारसाहेब, व्यासपीठावरील शाळा समितीचे सभासद, दवाखान्याचे डॉक्टरसाहेब, आजचे सत्कारमूर्ती आमचे त्र्यंबकराव दिघे मास्तर, आणि कर्जत, दहिवली, कळंब येथून व खालापुराहून पायपीट करून आलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

माझे नाव आत्ता पुकारले गेले तेव्हा पुष्कळांनी मागे वळून पाहिले. मालोजी कधी सभेत बोलतो का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तो बरोबर आहे. मी भात गिरणीत कारकून आहे. तिथे यंत्राच्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नाही, त्यामुळे माझे बरे चालते. पण मास्तरांच्या रविवारच्या वर्गातील मंडळी घरी आली आणि म्हणाली, वर्गातर्फे तुम्हीच बोला. मी त्या वर्गात कधी बसलो नाही. बसत असे ते आमचे कुटुंब. ती आता नाही, म्हणून मी उभा आहे.

समारंभाला शोभेल असे चार शब्द बोलावेत, असे मला सांगितले आहे. प्रयत्न करतो.

मास्तरांनी हा वर्ग का काढला, हे सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. घाटात विजेची इंजिने आली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आपल्याकडची काही हुशार मुले कंपाउंडरीला, कुणी नर्सिंगला जाऊ पाहत होती. मराठी सातवी पास झालेली, कामाला वाघ. पण पुण्या-मुंबईच्या इस्पितळात शिकवतात इंग्रजीत, रोग्याची हकीकत सांगायची इंग्रजीत, आणि आधी निवडीसाठी भेटीला बोलावतात तेव्हा बोलायचेही इंग्रजीत. पुस्तक वाचता येणे वेगळे आणि समोर मडमबाई बसलेली असताना तोंड उघडणे वेगळे. तेव्हा मास्तर म्हणाले, रविवारी दुपारी शाळा रिकामी असते, या. पैसा घेणार नाही.

आमचे कुटुंब तेव्हा इथल्या दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत मदतीला जात असे. आमचे पहिले मूल जन्मताच गेले होते. त्यानंतर ती तिथे जाऊ लागली ती जातच राहिली. एकदा आपल्या कोंडाणे गावाहून एका बाईला डोलीत घालून आणले. ती बाई वाचली नाही. घरी येऊन ही मला म्हणाली, "हात धरून बसण्यापलीकडं मला काय येत नाय. मला शिकायला हवं." आम्ही दोघांनी विचार केला आणि पुण्याच्या एका इस्पितळात अर्ज करायचे ठरवले.

माझी आई सोनुबाई हिला ते पटले नाही. ती म्हणाली, "इंग्रजी बोललं म्हंजी पोर लवकर बाहेर येतं काय गं?"

"पोर कुठल्याबी भाषेत येतं, आत्याबाई. पण शिकवणारी बाई मराठीत शिकवत नाय."

आई गप्प बसली. आमच्या घरात आई गप्प बसली की परवानगी मिळाली असे धरतात.

मास्तरांची शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. फळा नाही, वही नाही. एकाने रोगी व्हायचे, एकाने डॉक्टर व्हायचे आणि बोलायचे. कळंबचा चांगो, तो बघा खांबापाशी उभा आहे, तो आडदांड म्हणून नेहमी रोगी. "व्हेअर इज द पेन?" म्हणजे कुठे दुखते, असे हिने विचारायचे आणि त्याने विव्हळत सांगायचे. एकदा त्याने विचारले, "मास्तर, इंग्रजीत सांगितल्यावर पोट कमी दुखतं काय?" मास्तर म्हणाले, "रोग्याचे तेवढेच दुखते. पण डॉक्टर ऐकून घेतो." या उत्तरावर वर्ग हसला होता. मला मात्र ते हसण्यासारखे कधी वाटले नाही.

मास्तरांचा नियम एकच होता. बोलताना चुकलात तरी चालेल, गप्प बसलात तर चालणार नाही. गप्प बसणाऱ्याला काहीच येत नाही असे ते लोक समजतात.

भेटीच्या वेळी जे विचारतात ते प्रश्न मास्तर दर रविवारी प्रत्येकाला विचारत. नाव काय, वय काय, गाव कोणते, शिक्षण किती. बायकांसाठी एक जास्त प्रश्न असे, नवऱ्याचे नाव काय. तो आला की ही मान खाली घाली. मग चांगो मागच्या बाकावरून ओरडे, "मालोजी!" सगळे हसत आणि मास्तर पुढचा प्रश्न विचारत. असे ठरूनच गेले होते. चांगो तिला म्हणे, "वयनी, तुमच्या धन्याचं नाव मी सांगायचं, मग औषध पण मीच प्यायचं काय?" मास्तरही हसून म्हणत, "बाई, एखाद्या रविवारी तुम्हाला इंग्रजीत उखाणा रचून देतो. मग अडचण राहणार नाही."

तो उखाणा रचायचा राहून गेला. असल्या गोष्टी राहूनच जातात. आपल्यापैकी कुणाच्या घरात बाई नवऱ्याचे नाव सरळ घेते? नाव घेतले की त्याचे आयुष्य कमी होते, हे आपण सर्वांनी आईकडून ऐकले आहे. त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. मलाही नाही.

पुण्याला मी बरोबर गेलो होतो. पुरुषांना फाटकाच्या आत जाऊ देत नव्हते. ती आत गेली ती फार लवकर बाहेर आली. मला वाटले, काम सोपे झाले. कर्जतला उतरून नदीच्या काठाने दहिवलीकडे चालू लागलो तेव्हा तिने सांगितले. तिसराच प्रश्न नवऱ्याच्या नावाचा होता. मडमबाईने तो पुन्हा विचारला, मग मोठ्याने विचारला, मग एक एक शब्द सुटा करून विचारला, बहिऱ्याला विचारावे तसा. मग शेजारच्या कारकुनाला म्हणाली, हिला साधा प्रश्न कळत नाही, इंग्रजी पक्के करून पुढच्या वर्षी ये म्हणावे.

"पुढचं सगळं येत होतं मला," ती म्हणाली. "तापाचं, जखमेचं, बाळंतिणीचं. पुढं विचारलंच नाय."

मी म्हणालो, "सांगायचं होतंस नाव."

"जीभच वळली नाय."

दुसऱ्या दिवशी मास्तर आमच्या ओटीवर येऊन बसले. पाणी प्याले. भांडे खाली ठेवून म्हणाले, "तो एक प्रश्न मी तुमच्याकडून म्हणवून घ्यायला हवा होता, बाई."

ती दाराआडून म्हणाली, "मास्तर, तुमी म्हणवून घेतला असता तर मी वर्गाला आलेच नसते."

मास्तर, हे मी आज सभेत मुद्दाम सांगतो आहे. तुम्ही इथून जाताना मनात काही घेऊन जाल, असे मला वाटते. ते घेऊन जाऊ नका. ती जे बोलली ते खरे होते. कुठल्या बाजूने गेलो असतो तर वाट निघाली असती, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला ती सापडलेली नाही.

पुढच्या वर्षाची तयारी तिने सुरू केली. परसात म्हशीसमोर उभी राहून ती सगळे प्रश्न आणि सगळी उत्तरे म्हणायची. आई आतून विचारी, "म्हशीला इस्पितळात घालतेस काय गं?" त्या एका प्रश्नापर्यंत यायची आणि थांबायची. एकदा आईने तिला जवळ बसवले आणि सांगितले, "माझा एकच लेक हाय. त्याचं आयुष्य तुझ्या शिक्षणाला लावू नको." मी तिला म्हणालो, घे नाव, मला काही होत नाही. तर म्हणाली, "नाय झालं तर बरंच हाय. झालं तर मग मी काय इंग्रजीत रडू?"

भाद्रपदात तिला विषमज्वर झाला. डॉक्टरसाहेब रोज येत होते, त्यांचे उपकार आहेत. ताप चढला तेव्हा एका दुपारी ती इंग्रजीत बोलू लागली. मडमबाईच्या आवाजात प्रश्न विचारी आणि आपल्या आवाजात उत्तर देई. आई घाबरली, तिला वाटले बाहेरचे काही लागले. मला तीन इयत्तांचे इंग्रजी येते, त्यामुळे मला कळत होते. नाव सांगितले, वय सांगितले. मग तो प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि थांबली. पुन्हा विचारला. पुन्हा थांबली. एवढ्या तापातही तिने नाव घेतले नाही.

तिथे चांगो नव्हता. मग मी म्हणालो, "मालोजी."

ती पुढे गेली. तापाचे, जखमेचे, बाळंतिणीचे सगळे सांगितले. शेवटपर्यंत गेली. मला जेवढे समजले त्यात चूक नव्हती. नंतर ती बोलली नाही.

माझे आयुष्य कमी होऊ नये म्हणून तिने नाव घेतले नाही. ते कमी झालेले नाही. गिरणी आहे, आई आहे, प्रकृती ठीक आहे. त्या आयुष्याचे काय करायचे ते मला समजत नाही.

रविवारचा वर्ग आता बंद आहे. मास्तर त्यांच्या गावी चालले आहेत, चांगोने कंपाउंडरीचा नाद सोडून शेती धरली आहे. कोंडाण्याहून अजूनही डोली येतात. कुणीतरी हा वर्ग पुढे चालवावा, असे म्हणून भाषण संपवायची पद्धत असते. पण कोण चालवील ते मला दिसत नाही, आणि दिसत नसताना म्हणणे बरोबर होणार नाही.

मास्तर, तुम्ही दर रविवारी तुमची दुपार दिलीत. ती त्या दिवशी सकाळपासून आनंदात असे, एवढे मी घरात पाहिले आहे. त्याबद्दल तुमचे आभार. अध्यक्षसाहेबांनी मला वेळ दिला, तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलेत, तुमचेही आभार. बोलण्याची सवय नसल्याने जे कमीजास्त झाले असेल ते पोटात घालावे.

आणखी एका गोष्टीची माफी आधीच मागतो. चार लोकांत बायकोचे नाव घेण्याची आपल्याकडे रीत नाही. पण वर्गातल्या सर्वांची नावे इथे वाचली गेली आणि तिचे राहिले.

तिचे नाव हिरू होते.