मीटरची साक्ष

धुळ्याच्या स्टँडवर जळगावच्या गाडीसाठी रांग होती. माझ्यापुढे दोघं. एकाच्या काखेत व्होल्ट मोजायचं जुनं, जड मीटर.

"नासीरभाई, मीटर बिघडलं का?"

"आता नीट झालं, शेठ. त्याच्याच पॉवर सप्लायमधला कपॅसिटर सुकला होता. बारा व्होल्टचे दहाच दाखवायचं."

"किती दिवस?"

"वर्षभर. माझ्या दुकानातला कारागीर हसीब, त्यानं दुरुस्त केलेला एकेक बोर्ड मी यावर लावून नापास केला. 'तुझा हातच गेला' म्हटलं. शेवटी काढून टाकलं त्याला."

"अरेरे! मग सांगा ना त्याला."

"त्याच्याकडूनच येतोय. मीटर उघडून दाखवलं. परत चल म्हटलं."

"मग?"

"म्हणाला, 'याचा कपॅसिटर बदलला, भाई. पण सोल्डरिंगला बसलो की माझे हात आता खरंच थरथरतात.'"