पुलापर्यंत

चांदूर बाजारहून अमरावतीला निघालेल्या एसटीत रागिणीच्या पुढच्या बाकावर दोन शिक्षिका बसल्या होत्या. एक पिकल्या केसांची, दुसरी नुकतीच नोकरीला लागलेली.

"मले नाही जमून राहिलं, मॅडम," नवी म्हणाली. " दिवसभर ओरडतो, अन् झोपेतही हजेरीच घेतो. राजीनामा देऊन टाकतो."

"दे. पण आधी वाटेतल्या पुलापर्यंत रडून घे."

"अन् पुलानंतर?"

"पुलानंतर शाळेचं नाव काढायचं नाही. मी पहिल्यापासून हेच करत आली. नाही तं शाळा घरापर्यंत मागं येते."

नवी शिक्षिका पुलापर्यंत रडली. रागिणीला पुलापाशीच उतरायचं होतं, पण ती बसून राहिली.

"आज भाजी कोणती करतं?"

"मेथी. मॅडम, शाळेचं एक सांगू?"

"पूल गेला ना, बाई."

"रडायचं नाही हो. आमची तिसरीतली माया कधीच बोलत नव्हती. आज मी फळ्यापाशी नुसती उभी होती, तं जवळ आली अन् म्हणे, मॅडम, तुमी पाणी प्या."

"मंग?"

"मंग काय, प्याली."

"हे आधी कावून नाही सांगितलं?"

"आधी रडायचं होतं ना."

"अन् राजीनामा?"

"उद्या सांगतो. पुलाच्या आधी."