शनिवारचा मुआयना

(हैदराबादचं हिमायतनगर, १९९५. शनिवारची सकाळ. गल्लीत बॉनेट उघडून उभी असलेली पिकअप. तिच्यात कमरेपर्यंत वाकलेले नरहर, सरकारी मोटारींच्या खात्यातून, मुआयन्याच्या म्हणजे गाड्या तपासायच्या कामावरून निवृत्त झालेले. शेजारी वही घेऊन त्यांची सून सुजाता.)

सुजाता : आप्पा, पुरे आता. साडेदहा झाले. मागं मसालेभात गार होतोय.

नरहर : भाताची काळजी तुझ्या सासूबाईंना. तू पुढचं कलम वाच.

सुजाता : सहा, ब्रेक ऑइल. सात, फॅनचा पट्टा. आठ, चाकांची हवा. झालं! सगळं आहे हो. लाइट, हॉर्न, वायपर मी कालच चेक केलंय.

नरहर : एकेक वाच. सगळी एका दमात म्हटलीस तर तो मुआयना कसला, आरती झाली. ब्रेक ऑइल... बोट बुडतंय. बरोबर. पट्टा... अंगठ्यानं अर्धा इंच दबतो. बरोबर. आता चाकं ठोकायची ती काठी दे.

सुजाता : घ्या. गल्लीतली कुत्री सुद्धा ओळखतात ही काठी.

नरहर : ऐक. पुढची दोन्ही टणटणीत. मागचं उजवं बरं आहे. आणि हे डावं... बसका आवाज येतोय. पाच पाउंड कमी.

सुजाता : गेज लावून बघते. अय्यो! सहा कमी आहे.

नरहर : तुझं गेज स्वस्तातलं असेल. भर हवा.

सुजाता : भरते. पण आप्पा, आज लेट नाही व्हायचं हं. साठ लोकांचं जेवण, ते पण पहिल्या दिवशी. त्या कंप्युटर कंपनीचे हर्षद साहेब फोनवर काय म्हणाले माहितीय? "वहिनी, पुणं सोडल्यापासून धड कढी नाही मिळाली. साडेबाराला पानं वाढली ना, तर रोजचं काम तुमचं." आणि नाही वाढली तर बेगमपेठेत दहा कॅन्टीनवाले टपून आहेत.

नरहर : म्हणून तर तपासतोय. बेगमपेठच्या पुलावर गाडी बंद पडली, तर तुझे ते कंप्युटरवाले खाली उतरून ढकलणार आहेत का? एकतीस वर्षं मी सरकारी जीपगाड्या तपासल्या. एक गाडी रस्त्यात थांबली नाही. मोठमोठे साहेब मुआयना होईपर्यंत सिगरेट ओढत उभे राहायचे. आणि तुला पाच मिनिटं धीर नाही.

सुजाता : पाच नाही, पस्तीस झाली. नऊ नंबर. इंजिन ऑइल. तेल मापायची पट्टी मी बघू?

नरहर : नक्को. आपला ड्रायव्हर यादगिरी दुबईला गेला, त्या दिवशी आपलं काय ठरलं?

सुजाता : स्टिअरिंग माझं, बॉनेट तुमचं.

नरहर : मग? आपापल्या हद्दीत राहायचं. ही काढली, पुसली, घातली, परत काढली. बघ, तेल खुणेच्या खालीच आहे. डबा आण. अर्धा लिटर घालू.

सुजाता : मागच्या शनिवारी घातलं ना अर्धा लिटर? त्याच्या आधी पण घातलं. दोन वर्षांची गाडी एवढं तेल पिते?

नरहर : पिते. या नव्या गाड्या अशाच. पूर्वी नंबर लावून सात-सात वर्षं थांबायचो, पण गाडी यायची ती भक्कम. आता दुकानात जा, बोट दाखव, घेऊन ये. काय अपेक्षा करणार? नरसाळं धर सरळ. बास. लिही, अर्धा लिटर. आता बैस आणि मार स्टार्टर.

सुजाता : मारला... आप्पा! आप्पा, मागं बघा!

नरहर : काय झालं?

सुजाता : धूर! निळा निळा धूर! अख्खी गल्ली भरली. समोरच्या भामाबाई खिडक्या लावतायत!

नरहर : बंद कर! बंद कर आधी!

मोईनभाई : सलाम साब. काय करायलाव? कोपऱ्यावरून माझ्या गॅरेजातून धूर दिसला. मला वाटलं, तुमच्या घरात रजनीभाभींची फोडणी जळाली.

सुजाता : मोईनभाई, बरं झालं आलात! बघा ना काय झालंय. साडेबाराला बेगमपेठेत पानं वाढायचीत, आणि ही अशी करतेय.

मोईनभाई : पोचशील बेटी, घाबरू नको. पट्टी काढून बघतो. हात लावू का साब? तुमचं बॉनेट हाय म्हणून विचारायलो.

नरहर : लाव.

मोईनभाई : या अल्ला! साब, हे इंजिन हाय का तेलाचं पिंप? वरच्या खुणेच्या पार वर गेलंय. दीड लिटर तरी जास्ती हाय. धूर निघणार नाही तर काय उदबत्तीचा वास येणार? तरी मी म्हणलोच होतो, यादगिरी गेला की हे होणार.

नरहर : यादगिरी गेला की काय होणार?

मोईनभाई : काई नाही साब. मी पाना घेऊन येतो.

नरहर : मोईन, थांब. उदगीरहून आलास तेव्हा मिसरूड नव्हतं तुला. माझ्याच हाताखाली पाना धरायला शिकलास. माझ्याशी आडून बोलू नकोस. काय होणार म्हणालास?

मोईनभाई : साब, आत्ता जाऊ द्या ना. बेटीला देर व्हायलाय.

नरहर : सांगितल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.

मोईनभाई : बघा, तुम्हीच बोलायला लावायलाव. शनिवारी तुम्ही तेल घालायचा. खरं म्हणजे तेल बरोब्बर असायचं. मग सोमवारी सकाळी यादगिरी गाडी घेऊन माझ्याकडं यायचा. खालचा नट ढिला करायचा, अर्धा लिटर काढायचा, तुमच्याच डब्यात परत भरायचा, आणि डबा तुमच्या कपाटात. दीड साल चाललं साब. तेच तेल, शनिवारी वरून आत, सोमवारी खालून बाहेर.

सुजाता : म्हणून तो डबा संपत नव्हता! मी आईंना म्हटलं सुद्धा, हा काय द्रौपदीच्या थाळीसारखा डबा आहे का म्हणून.

नरहर : हसू नकोस.

सुजाता : सॉरी आप्पा. आपोआप आलं.

नरहर : मोईन, इंजिनातून काढलेलं तेल काळं असतं. मी ते डब्यातून ओतत होतो. नवं म्हणून.

मोईनभाई : हौ साब. मिट्ट काळं. एक दिवस यादगिरीनं मुद्दाम बघितलं, साबला कळतंय का. तुम्ही ओतलं, आणि "लिही, नवं तेल, अर्धा लिटर" म्हणलाव. त्या दिवशी माझ्या गॅरेजात येऊन रडला तो. मी म्हणलो, सांगून टाक की. तर म्हणतो, नक्को भाई, साबनं मला गाडी शिकवली. हप्त्यातला एक शनिवार हाय त्यांचा, तेवढा तरी त्यांच्यापाशी राहू दे.

नरहर : जा. पाना घेऊन ये.

मोईनभाई : आलोच. वीस मिनिटात काढतो सगळं.

नरहर : सुजाता, तुला ठाऊक होतं?

सुजाता : यादगिरीचं नव्हतं माहिती. शप्पथ.

नरहर : आणि डोळ्यांचं?

सुजाता : थोडं थोडं कळत होतं. तुम्ही चहाचा कप ठेवताना आधी बोटानं टेबल शोधता. बसचा नंबर दुसऱ्याला विचारता. आईंनी हॉलमध्ये ते थाळीएवढं घड्याळ का आणलं असेल?

नरहर : मला वाटलं, नवी फॅशन असेल. म्हणजे सगळ्या घराला माहीत. मग रोज सकाळी मला पेपर वाचून दाखवतेस ते काय? मराठी सुधारायचंय म्हणाली होतीस. मी तुझे ऱ्हस्व-दीर्घ काढत बसायचो आणि तू मनात हसत होतीस?

सुजाता : नाही हो! सुरुवात केली ती तुमच्यासाठी, हे खरं. पण माझं मराठी खरंच भंगार होतं ना. इंग्लिश मीडियम, वर सेकंड लँग्वेज तेलुगू. आता मी अग्रलेख वाचते आप्पा. तुमच्या लेकाला, संदीपला पण जमत नाही. तो बंगळूरहून फोन करतो तेव्हा मी त्याला वाचून दाखवते आणि तो गप्प ऐकतो.

नरहर : डॉक्टरकडे का गेलो नाही, ते नाही विचारलंस.

सुजाता : तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही विचारलं.

नरहर : आमच्या खात्यात हिम्मतराव म्हणून ड्रायव्हर होते. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. एकदा मुआयन्याच्या वेळी मी त्यांना जीपचा नंबर वाचायला सांगितला. त्यांनी बरोबर म्हटला. मी दुसरी जीप आणून उभी केली, तरी त्यांनी पहिल्याच जीपचा नंबर म्हटला. पाठ करून आले होते. म्हणाले, "साहेब, मला रस्ता पाठ आहे हो." मी वर लिहून पाठवलं, नजर गेली. दुसऱ्या दिवशी त्यांना गेटवर बसवलं. रस्त्यावरच्या माणसांचा जीव होता, दुसरं काही करता येत नव्हतं. पण नंतर मी त्या गेटनं जायचं टाळत होतो. मागच्या दाराने ऑफिसात शिरायचो.

सुजाता : आप्पा...

नरहर : आता मला बॉनेट पाठ आहे. आतला एकेक नट. त्या पट्टीवरची खूण तेवढी दिसत नाही, बाकी सगळं पाठ. भीती वाटली, पोरी. डॉक्टर महिनाभर घरी बसवेल, आणि तेवढ्या महिन्यात घराला कळेल की माझ्यावाचून काही अडत नाही. साधी भीती वाटली.

सुजाता : अडत नाही? मग आजचं डावं चाक कुणी ओळखलं? मी बसले असते त्याच चाकावर, आणि पंक्चर झाल्यावर रस्त्यात रडले असते. चाक ठोकून मला आवाज कळतो का? टण आणि ठण मला एकच वाटतं.

नरहर : एकच नसतं ते.

सुजाता : तेच म्हणतेय मी. महिनाभर घरी बसा, आणि त्या महिन्यात मला शिकवा. पण डोळे दाखवायचे. कोठीला क्लिनिक आहे, आईंनी नाव काढून ठेवलंय. आता म्हणे डोळ्याच्या आत लेन्स बसवतात. फॉरेनची.

नरहर : फॉरेनची? दुकानं भरली, टीव्ही भरला, आता माझ्या डोळ्यात पण परदेशी माल?

सुजाता : नक्को म्हणता?

नरहर : नक्को कुठं म्हटलं? टिकाऊ असली म्हणजे झालं. सोमवारी जाऊ.

मोईनभाई : साब, निघालं बघा. दीड लिटरवर अजून एक कप. तुमच्या हातचं हाय, डब्यात भरू का?

नरहर : फेकून दे ते. नाही, रस्त्यात ओतू नकोस, गॅरेजात ने. आणि नट घट्ट केलास का?

मोईनभाई : केला.

नरहर : वॉशर बघितलास?

मोईनभाई : बघितला साब. तुम्हीच शिकवलंय, विसरेन का?

सुजाता : सव्वाअकरा! निघू?

नरहर : तेल काढल्यावर परत बघायचं असतं. ये इकडे, बॉनेटपाशी. ही पट्टी धर.

सुजाता : मी?

नरहर : मग कोण? आधी पुस. कोरड्या फडक्यानं, पदराने नाही. पूर्ण आत घाल. आता काढ, आडवी धर. तेल कुठवर आहे?

सुजाता : वरच्या खुणेच्या किंचित खाली.

नरहर : किंचित हे काही माप नाही.

सुजाता : तांदळाचा एक दाणा.

नरहर : आंबेमोहोर की बासमती?

सुजाता : आप्पा!

नरहर : ठीक आहे. घाल आत. मोईन, हसतोस काय? बॉनेट लाव. पोरी, मार स्टार्टर.

मोईनभाई : मागं काईच नाही साब. धूर बिलकुल साफ.

नरहर : धुराचं तू बघ. मी आवाज ऐकतोय. एकसारखा आहे. चल.

सुजाता : तुम्ही येताय?

नरहर : कढीचं पातेलं कोण धरणार? तू वळणावर ब्रेक दाबतेस तेव्हा मागच्या मागं अर्धी कढी रस्त्याला वाढशील. ते पुढं घे, माझ्या पायांत ठेव. मोईन, उचल जरा.

मोईनभाई : घ्या. गरम हाय, सांभाळून. खुदा हाफिज साब. परत येताना कढी उरली तर गॅरेजवर थांबा.

सुजाता : उरणार नाही हो मोईनभाई! दार लागलं नीट? निघाले. बशीरबागेवरून घेते, सरळ पडेल.

नरहर : घे. घाई करू नकोस, वेळ आहे.

सुजाता : हे तुम्ही म्हणताय?

नरहर : रस्त्याकडे बघ.

सुजाता : आमच्यावर रागावलात का, आप्पा?

नरहर : संध्याकाळी एक पत्र लिहायचंय. यादगिरीला, दुबईला. मी सांगतो, तू लिही.

सुजाता : त्याला मराठी वाचता येत नाही.

नरहर : तेलुगूत लिही. तुझी सेकंड लँग्वेज कधी कामाला यायची?

सुजाता : बरं. काय लिहू?

नरहर : लिही, घरी सगळे खुशाल. गाडी ठीक आहे. बेगमपेठचं रोजचं काम मिळालं.

सुजाता : अजून कुठं मिळालंय?

नरहर : पत्र पोचायला पंधरा दिवस लागतात, तोवर मिळेल. मग लिही की, साहेबांना शनिवारचं सगळं कळलं.

सुजाता : अय्यो, एवढंच वाचून तो घाबरेल.

नरहर : म्हणून त्याच्या पुढं लगेच लिही, रागावले नाहीत.