हरणामागची खिडकी

दवाखान्यात माझ्या शेजारी आमच्या गावचा म्हातारा हेल्मर आणि त्याची बायको स्वेआ बसली होती.

"काल शिकारीला गेलास, तर हरीण दिसलंच नाही म्हणालास."

"दिसलं गं. परवा रान तोडलं ना, तिथे. धुकं विरलं, तर अगदी समोर उभं होतं."

"मग बार का नाही काढलास?"

"त्याच्या मागे आपलं घर होतं."

"तिथून घर कुठलं दिसतंय!"

"आता दिसतं. मधली झाडंच गेली. खिडकीत तू होतीस."

"अगंबाई! काय करत होते मी?"

"केस विंचरत होतीस. मी बंदूक खाली ठेवली, दुर्बीण लावली."

"हरणाला?"

"तुला. वेणी घालून तू आत गेलीस, तेव्हा बघतो तर हरीण कधीच निघून गेलं होतं."