नाव पुकारलं तेव्हा

सुरतजवळ उधन्याहून पलसाण्याला जाणाऱ्या बसमध्ये छायाच्या पुढच्या सीटवर मंगलाबाई मोबाइल डोळ्यांसमोर धरून बसल्या होत्या. शेजारच्या बाईला राहवलं नाही.

"व्हिडिओ कॉल लावलाय, पण बोलत तर कुणीच नाही."

"माझी सोनाली धुळ्याला शिकते. रोज तिकडे ती अभ्यास करायची, इकडे मी साड्यांना टिकल्या लावायचे. फोन असाच चालू."

"न बोलता?"

"आई, तू समोर दिसलीस की पुस्तक मिटवत नाही, म्हणायची. आज तिला नर्सिंगचं मेडल मिळतंय. पहिली आलीय!"

"आणि तुम्ही इथे?"

"मिलमध्ये सुट्टी कोण देतंय, माय? तिच्या मैत्रिणीने फोन धरलाय. थांबा, थांबा, नाव घेतलं!"

"सोनाली मंगला बागुल!" माइकवरचा आवाज अख्ख्या बसला ऐकू आला.

"बघा, स्टेजवर एवढे साहेब लोक आहेत, पण पोरगी माझ्याकडेच बघतेय."

छायाने टाळ्या वाजवल्या. मग मागचे चारदोन जणही वाजवू लागले.

कंडक्टर जवळ आला. "काकी, कहां का टिकट?"

"धुळे," मोबाइलवरची नजर न हलवता मंगलाबाई ताठ मानेने म्हणाल्या.