मोकळं कपाळ

काकासाहेब : तेवढं एक कर आई, मग मी तुझ्याकडं काही मागणार नाही. ताट घेऊन ओट्यावर ये, माझ्या न् सुकन्याच्या कपाळाला कुंकू लाव, की निघालो आम्ही उमेदवारीचा अर्ज भरायला. आज शेवटचा दिवस. पहाटे कोल्हारच्या भगवतीला नारळ फोडून आलोय. बाहेर पोरं जमलीत, ढोलवाले खोळंबलेत.

मनकर्णा : खोळंबू दे की. सुकन्या कुठंय?

काकासाहेब : गाडीत बसलीय.

मनकर्णा : घरची थोरली सून स्वतःच्या दारात गाडीत बसती? उतरंना का?

काकासाहेब : लाजतीय.

मनकर्णा : आता गं बया. अर्ज भरायला चाललीय का बोहल्यावर?

आरती : माझ्यासमोर यायला लाजतायत, आत्या. जाऊबाईंचा काही दोष नाही. काल दुपारी त्यांनीच मला फोन केला. रडत होत्या. म्हणाल्या, आरती, मला नको होतं गं हे, तुझ्या दादांनी परस्पर ठरवलं. मी विचारलं, माझं नाव का काढलं? तर म्हणाल्या, ते मला सांगवत नाही, तू त्यांनाच विचार.

काकासाहेब : आरती, मी आईशी बोलतोय.

आरती : माझ्याबद्दलच बोलताय ना दादा? मग मी काय भिंतीशी बोलू?

काकासाहेब : तुला मी सगळं नीट समजावून सांगणार आहे. संध्याकाळी बसू.

आरती : संध्याकाळपर्यंत अर्ज भरून झालेला असेल. आत्ताच सांगा. दिवाळीत ह्याच ओट्यावर, अख्ख्या गल्लीसमोर कोण म्हणालं होतं, वॉर्ड महिलेला सुटलाय, आता आमच्या घरातून आरती उभी राहणार? मी मागितलं नव्हतं. मी आत करंज्या तळत होते. तुम्ही हाक मारून बाहेर बोलावलंत, माझ्या डोक्यावर हात ठेवलात. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकासाहेब : म्हणालो होतो, कबूल. पण तिकीट काय माझ्या खिशात असतं? पक्ष देतो. वरनं सर्व्हे होतो, निवडून येण्याची क्षमता बघतात. माझ्या एकट्याच्या म्हणण्यावर असतं तर...

आरती : कुणी केला सर्व्हे? आमच्या गल्लीत तर कुणी कुत्रं फिरकलं नाही.

काकासाहेब : फोनवरनं करतात आता.

आरती : बरं. मग फोनवर त्यांना कुणी सांगितलं का, की पालिकेची मुदत संपल्यापासून चार वर्षं इथं नगरसेवकच नव्हता? तुमच्या नावाची पाटी लावलेलं ऑफिस कोण उघडत होतं? नळाला गढूळ पाणी आलं की लोक कुणाच्या दाराची कडी वाजवायचे? तुम्ही तर माजी झाल्यापासून नाशिक-पुणे रोडवरच्या बंगल्यात राहायला गेलात.

काकासाहेब : मी कुठं नाही म्हणतो? तू केलंस. सगळं गाव जाणतं.

आरती : गाव जाणतं, पक्ष जाणत नाही. असंच ना?

मनकर्णा : सर्व्हे फिर्व्हे ठेव बाजूला, काकासाहेब. मी तुझी आई हाय, मला भाषन नको. खरं काय ते वक.

काकासाहेब : रागावलीस की तू माझ्या नावाला साहेब लावतेस.

मनकर्णा : मग ओळख की, रागावले म्हनून.

काकासाहेब : थांब, फोन वाजतोय. हा सुनील्या, तहसीलमध्ये बसवलंय त्याला, जरा दम धरवत नाही. कट करतो. हं. हे बघ आई, आप्पासाहेब आले होते परवा. आमचे तालुकाध्यक्ष. ते म्हणाले, काकासाहेब, तुमच्या घरात तिकीट नक्की, पण उमेदवार सौभाग्यवती आहे ना?

मनकर्णा : त्यांना काय करायचंय?

काकासाहेब : अगं, महिलांचा वॉर्ड. प्रचाराची सुरुवातच हळदीकुंकवानं ठेवलीय. मंगल कार्यालय घेतलंय, वाणाचे डबे आलेत. झाडून साऱ्या बायका येणार. उमेदवारानं दारात उभं राहून एकेकीला कुंकू लावायचं, वाण द्यायचं, नमस्कार करायचा. आता त्यात... आरती, तूच सांग.

आरती : मी नाही सांगत. तुम्ही वाक्य पुरं करा.

काकासाहेब : समजून घे ना. शिकलेली आहेस.

आरती : शिकलेली आहे म्हणूनच अर्ध्या वाक्यावर भागत नाही. पुरं करा.

काकासाहेब : तुझ्या हातचं कुंकू बायका लावून घेणार नाहीत. झालं समाधान? हेच ऐकायचं होतं ना तुला?

आरती : हो. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. जाऊबाईंना सांगवलं नाही. तुम्हाला सांगवलं.

काकासाहेब : मी प्रयत्न केला गं. देवाशपथ केला. बॅनरवाल्याकडं बसून तुझा जुना फोटो दिला, कॉम्प्युटरवर तुला टिकली लावायला लावली. आधी बारीक लावली, मग मोठी लावली. बरी दिसेना. आप्पासाहेब म्हणाले, मोकळं कपाळ बॅनरवर जात नाही, न् खोटी टिकली लावली तर विरोधक गल्लोगल्ली बोंबलतील.

आरती : मला न विचारता माझ्या फोटोला टिकली लावलीत?

काकासाहेब : तुझ्या भल्यासाठीच ना.

आरती : दोन पुरुषांनी दुकानात बसून माझ्या कपाळाचं ठरवलं. लहान चांगली का मोठी चांगली. वा.

मनकर्णा : तुझा भाऊ हनुमंत गेला, त्याच्या मागं तिनं घरात आरसा धरला न्हाई कितीक महिने. तुला ठाव हाय का?

आरती : राहू दे आत्या. दादा, मला एक सांगा. गेल्या संक्रांतीला तुम्ही टाऊन हॉलमध्ये कार्यक्रम घेतला होता. विधवा भगिनींचं हळदीकुंकू. पहिली मी. स्टेजवर बोलावून मला कुंकू लावलं, तेव्हा फोटोवाल्याचा कॅमेरा अडकला म्हणून पुन्हा एकदा लावायला लावलंत. पेपरात आला तो फोटो. खाली तुमचं नाव. समाजाला नवी दिशा.

काकासाहेब : तो कार्यक्रम होता. हे इलेक्शन आहे.

आरती : आणि येताना गाडीत काय म्हणालात, आठवतं? गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवलीत. म्हणालात, आरती, आता पुसून घे, उगाच लोक बघतात. मी पुसलं. पदरानं पुसलं, दादा. त्या पातळाचा डाग अजून गेला नाही.

मनकर्णा : हे मला न्हवतं सांगितलंस, पोरी.

आरती : काय सांगायचं, आत्या? नवरा करोनात गेला तेव्हा चार बायकांनी पुसलं. दुसऱ्यांदा मीच पुसलं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

काकासाहेब : हे बघ, मी काय तुझा वैरी आहे का? मी सगळा विचार केलाय. सुकन्या फक्त नावाला. तिला पालिकेतलं काही कळत नाही. सही तिची, कारभार सगळा तुझा. मीटिंगला तिच्या मागं तू बसायचं, अर्ज तू लिहायचे, लोकांना तू भेटायचं. प्रचारातही तूच बोलायचं, ती नुसती हात जोडेल. फक्त त्या हळदीकुंकवाच्या दिवशी तू जरा... आतल्या खोलीत थांब. वाण भरायला.

आरती : म्हणजे काम माझं, कपाळ जाऊबाईंचं.

काकासाहेब : तू प्रत्येक गोष्टीचा असाच अर्थ काढ. हनुमंत असता तर त्यानं मला समजून घेतलं असतं.

आरती : ते असते तर तिकीट मला मिळालं असतं. माझं शिक्षण हेच, काम हेच, तोंडही हेच. फक्त नवरा जिवंत हवा होता. तेवढीच काय ती तुमची क्षमता.

काकासाहेब : आवाज खाली कर. बाहेर माणसं आहेत.

आरती : ऐकू दे. दिवाळीत टाळ्या वाजवायला तीच होती.

काकासाहेब : आई, तू तरी सांग हिला. घरातली भांडणं घरात. तिकीट दुसऱ्याच्या घरात गेलं असतं तर बरं झालं असतं का? आणि चल आता, ऊठ. मुहूर्त टळतोय.

मनकर्णा : मी कशाला उठू? मी बी मोकळ्या कपाळाची.

काकासाहेब : तुझं वेगळं.

मनकर्णा : काय येगळं?

काकासाहेब : तू आई आहेस. दोन्ही वेळेला तूच कुंकू लावलंस न् दोन्ही वेळेला मी निवडून आलो. तुझ्या अंगठ्याला यश आहे. मी देवाला एकदा चुकीन, पण ह्याला नाही.

मनकर्णा : तुझा बाप गेला तवा तू शाळेत हुतास. पयल्या येळेला तू अर्ज भरायला निघाला, तवा तुझी चुलती ताट घेऊन पुढं झाली. मी चुलीमागं. मला म्हायती, आपन पुढं व्हायचं नसतं. तूच आत आला, माझा हात धरून बाहेर नेलं. सगळ्यांसमोर म्हनला, मला माझ्या आईच्या हातचं पायजे. मी अकोल्याच्या डोंगरातली, भाताच्या आवणीत वाढलेली बाई. मला वाटलं, लेक शिकला, आपलं पांग फेडलं. रातभर रडले मी, सुखानं.

काकासाहेब : मग तेच म्हणतोय की मी.

मनकर्णा : तेच न्हाई म्हनत तू. तुला निवडून यायचं असलं की माझा रांडमुंडीचा अंगठा शुभ. न् तिला निवडून यायचं म्हनलं की तिचा अशुभ. एका घरात दोन कायदं कशाला रं?

काकासाहेब : लोकांचा कायदा आहे तो आई, माझा नाही. मी लोकांसमोर जातो, मला लोकांसारखं वागावं लागतं.

आरती : लोकांचं नाव घेऊ नका. ह्या वॉर्डात करोनानं किती कपाळं मोकळी केली, कधी बघितलंत? पलीकडची छबूबाई, तिची सून, कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी. त्या कुणी लोक नाहीत? त्यांना मतं नाहीत? तुमच्या हळदीकुंकवाला त्यांनी काय करायचं, माझ्यासोबत आतल्या खोलीत बसून डबे भरायचे?

काकासाहेब : हा सुनील्या... पुन्हा फोन. डोकं उठवलं ह्यानं.

आरती : उचला, दादा. मघापासून दुसऱ्यांदा करतोय. तहसीलमधूनच असेल.

काकासाहेब : बोल रे. येतोय म्हणून सांगितलं ना... काय? आपल्या वॉर्डात? कुणाचा अर्ज?... परत सांग... अपक्ष... सूचक कोण कोण आहे?... छबूबाई, बरं, अजून?... कोण? नीट वाच, नाव नीट वाच... ठेव.

(बाहेर एकदा ढोल वाजून थांबतो.)

काकासाहेब : कधी भरलास?

आरती : सकाळी. ऑफिस उघडल्या उघडल्या.

काकासाहेब : आणि मघापासून मला बोलायला लावलंस? सगळं?

आरती : तुम्हाला कारण सांगता येतं का, ते बघायचं होतं. मनातून वाटत होतं, दादा येतील, म्हणतील, चुकलं, सुकन्याचा भरत नाही, चल. तसं म्हणाला असतात तर मी माझा अर्ज काढून तुमच्या पक्षाचा भरला असता. पाणीसुद्धा प्याले नव्हते मी सकाळपासून, त्या आशेवर.

काकासाहेब : आई. हात दाखव.

मनकर्णा : कशाला?

काकासाहेब : मघापासून पदराखाली धरून बसलीस. दाखव.

मनकर्णा : झाकला न्हवता. तू बघितला न्हाईस. हा घे, बघ. साबनानं घासला, राखंनं घासला, शाई जात न्हाई मेली. तहसीलातला सायेब म्हनला, आजी, सही येती का? म्हनलं, सही न्हाई, अंगठा हाय. चांगला दाबून उठीवला.

काकासाहेब : तू माझ्या विरोधात अंगठा दिलास. पोटच्या पोराच्या.

मनकर्णा : तुझ्या इरोधात कुठं? तू कुठं उभा हाय? तू तर बाईच्या आड उभा हाय.

काकासाहेब : घर फोडलंस आई. सगळं गाव हसेल, सख्ख्या जावा समोरासमोर.

मनकर्णा : घर मी न्हाई फोडलं. आत्ता माझ्यासमोर तू कपाळं बघून सुना वाटल्यास. जिचं भरलेलं ती स्टेजवर, जिचं मोकळं ती आतल्या खोलीत.

काकासाहेब : माघार घ्यायला अजून दिवस आहेत. आरती, शांत डोक्यानं विचार कर. अपक्ष पडतात.

मनकर्णा : माघार घ्यायची तुलाबी सोय हाय त्यात.

आरती : पडले तर पडेन, दादा. पण माझ्या नावानं पडेन. मला श्रीमती लिहिलंय त्यांनी, मी म्हटलं, तसंच राहू द्या.

काकासाहेब : प्रचार कशानं करशील? पक्ष नाही, गाड्या नाहीत.

आरती : दारोदार जाईन. तशीही रोज जातेच.

मनकर्णा : त्या सुकन्येला आत बोलाव. च्या टाकलाय. उपाशी बसली आसंल ती बी. आमचं भांडान तुझ्याशी हाय, तिच्याशी न्हाई.

काकासाहेब : नको. वेळ गेला. आई, शेवटचं विचारतो. जे झालं ते झालं, अर्ज तर मला भरायचाच आहे. कुंकू लाव. दुसऱ्या बोटानं लाव, शाई लागू देऊ नको. बाहेर सगळे माझ्या कपाळाकडं बघतायत.

मनकर्णा : न्हाई.

काकासाहेब : म्हणजे मी असाच जाऊ? मोकळ्या कपाळानं, एवढ्या लोकांतून?

मनकर्णा : जा की. आमी दोघी जातोच की रोज.