पैलवानाच्या पोटातले जंत

...आणि वर तोंड करून मलाच विचारतो, ‘साडूभाऊ, मेंढ्यांना नीट खायला घालता ना?’ मला विचारतो! ज्याच्या कुत्र्यानं माझा कळप नासवला, तो! तुम्हाला सांगतो, त्याच क्षणी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

हा म्हणजे माझा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून अहो-जाहो करायचं, नाहीतर माझ्या तोंडात शब्द काय कमी आहेत? त्याच्या मेंढ्या आणि माझ्या मेंढ्या शेजारीशेजारी चरतात, मध्ये नावाला तारेचं कुंपण, आणि त्या कुंपणाखालून दिवसभर ये-जा करणारा त्याचा कुत्रा. नाव पैलवान. बरगड्या लांबून मोजाव्यात, पण नाव पैलवान.

तर झालं काय, मी मेंढ्या कत्तलखान्यात दिल्या. काय एकेक मेंढी होती, गुबगुबीत, धडधाकट, कधी आजारपण म्हणून नाही. आणि खाटकानं मला आत बोलावून घमेलं पुढं सरकवलं, ‘मालक, हे बघा.’ बघतो तर कलेजीवर पाण्याचे फोड, कुठं द्राक्षाएवढे, कुठं लिंबाएवढे, फुफ्फुसांवरही तेच. सगळं फेकून द्यायचं. वर म्हणतो, ‘पुढच्या खेपेला असंच निघालं तर तुमचा माल नको आम्हाला.’ आयुष्य गेलं माझं याला माल देण्यात, आणि माझा माल नको? घरी येऊन जेवलो नाही. खरं सांगतो, रडू आलं मला.

मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. बाई शांत. मी इकडं पेटलोय आणि त्या विचारतायत, ‘आसपास कुत्रा आहे का? त्याला कच्ची कलेजी कोण घालतं?’ आणि माझ्या डोळ्यांपुढं साडू उभा राहिला! अहो, याचं कापायचं काम घरच्या घरी, आणि फोड आलेली कलेजी निघाली की हा लाडात येतो, ‘ये रे माझ्या पैलवाना, आपण काही वाया घालवत नाही.’ वाया घालवत नाही म्हणे! बाई म्हणाल्या, त्या फोडांमुळंच कुत्र्याच्या पोटात जंत होतात, मग तो गवतात घाण करतो, त्यातली अंडी डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, मेंढी ते गवत खाते, की तिच्या कलेजीत फोड. मेंढी जितकी म्हातारी तितके फोड मोठे. माणसालाही होतं म्हणाल्या, कुत्र्याला कुरवाळून तसंच जेवायला बसलं तर. म्हणजे बघा, खातो त्याचा कुत्रा आणि भोगतो मी. याला सोडायचं नाही.

गेलो त्याच्या दारात, सगळं समजावून सांगितलं. तर हा दात कोरत म्हणतो, ‘अहो, माझ्या पैलवानाला काय धाड भरलीय? बघा कसा पळतो. मेंढ्यांना नीट खायला घालता ना?’

मी काठी शोधायला लागलो तर बायको आडवी, ‘भांडू नका हं, ताईला तोंड दाखवायचंय मला.’ बरं, भांडत नाही. सूड घेतो. गुपचूप. बाईंकडून जंताची गोळी आणली, मांस चांगलं शिजवलं, त्यात गोळी दडवली आणि कुंपणाशी बसलो दबा धरून. आला पैलवान. एका घासात गट्टम. म्हटलं, मेले तुझे जंत! काय गार वाटलं म्हणून सांगू...

पण सूड फुकटात होत नाही हो. बाईंनी बजावलेलं, गोळीनंतर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवायचा आणि पडेल ती घाण खोल पुरायची. कोण पुरणार, साडू? वैऱ्याचा कुत्रा माझ्या अंगणात, आणि मी फावडं घेऊन त्याच्या मागं उभा, करतोय का... केलं का... बायको दारातून ओरडतेय, ‘हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही.’ असा सूड कुणी घेतला असेल आजवर?

सोडला, तर जाईना. कुंपणापर्यंत नेऊन ठेवला, माझ्याआधी घरी हजर. शिजलेल्या मांसाची चटक लागली ना! हळूहळू अंगही धरलं त्यानं, आता पैलवान म्हणायला लाज वाटत नाही. दर दीड महिन्यानं गोळी द्यायची, देतो. म्हटलं चला, त्याचा कुत्राच पळवला, फिटंफाट झाली. आता फोडाची कलेजी घालणार कुणाला? बस म्हणावं हात चोळत.

काल कुंपणाशी साडू भेटला. मी छाती काढून उभा. आणि हा हसतोय! म्हणतो, ‘साडूभाऊ, पैलवान राहू द्या तुमच्याकडंच, जीव लागलाय त्याचा. मी नवीन पिल्लू आणलंय. एवढंसं आहे, पण कलेजी काय चापतं बघा!’

आणि माझी पुढची खेप तोंडावर आलीय. सोडायचं नाही, याला सोडायचं नाही... पण करता काय? मांस शिजत घातलंय. तुम्ही बसा, मी जरा फावडं कुठं ठेवलंय ते बघतो.